भाषा शिकणं आणि भाषा अंगात मुरणं : कोल्हापुरातून कन्नड, कोल्हापुरात मराठी

निपाणीनाका

कोल्हापुरात कन्नड शिकू पाहणारे कमी नाहीत. निपाणी-संकेश्वरशी रोजचा व्यवहार असलेले व्यापारी, बेळगाव-चिक्कोडीकडं फिरती असलेले औषध प्रतिनिधी, कन्नड घरात लग्न होऊन जाणाऱ्या मुली. बहुतेकांची सुरुवात एकाच क्रमानं होते. आधी लिपी, मग अंक, मग 'नानु, नीनु, अवनु' (मी, तू, तो), मग क्रियापदांचे तक्ते. तीन महिन्यांत वही भरते. पण बाजारात समोरच्यानं पहिलं वाक्य टाकलं की सुटे शब्द ओळखीचे असूनही वाक्य हाती लागत नाही, आणि आपण उत्तर जुळवेपर्यंत समोरचा मराठीवर आलेला असतो.

याला आळस किंवा वय कारण आहे असं मला वाटत नाही. नियम माहीत असणं आणि भाषा येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वर्ग पहिलीवरच थांबतात. म्हणून हा धागा. रोज एक तास आणि सहा महिने, म्हणजे १८० तास हातात असतील, तर कशावर किती वेळ द्यावा? हाच प्रश्न उलट बाजूनंही आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या लोकांपर्यंत मराठी कशी पोचवावी?

जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती. "बोलत राहा, येईल" यापलीकडचं हवंय.

अनुस्वार

हा भेद सर्वांत ठळकपणे मांडला तो अमेरिकन भाषाभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या सुरुवातीला. त्यांच्या मते जाणीवपूर्वक शिकलेले नियम आणि नकळत अंगात मुरलेली भाषा हे दोन वेगळे साठे आहेत. बोलणं दुसऱ्या साठ्यातून निघतं. पहिला साठा फक्त तपासनिसाचं काम करतो, तेही तीन अटी पुऱ्या झाल्या तरच : विचार करायला वेळ हवा, लक्ष आशयावर नसून रूपावर हवं, आणि तो नियम नीट माहीत हवा. लेखी परीक्षेत तिन्ही अटी जुळतात. बाजारात पहिल्या दोन जुळत नाहीत, कारण लक्ष आशयावर असतं आणि साध्या बोलण्यात सेकंदाला दोन-तीन शब्द जातात. वहीतलं कन्नड तिथं का सुचत नाही, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

मातृभाषेत हा दुसरा साठा केवढा मोठा असतो ते बघा. पाच वर्षांचं मराठी मूल 'घोड्याला', 'शाळेत', 'पाण्यात', 'चांगल्या मुलाला' बिनचूक म्हणतं. सामान्यरूपाचे नियम त्याला कुणी सांगितलेले नसतात, आणि त्याच्या आईवडिलांना विचारले तर त्यांनाही ते सांगता येणार नाहीत. हे नुसतं पाठांतरही नव्हे. तेच मूल आधी 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणून गेलेलं असतं. 'करलं' हे त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं. ऐकलेल्या शेकडो वाक्यांतून त्यानं स्वतः नियम काढलेला असतो आणि तो जरा जास्त लांबवलेला असतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी. रूपं मुरण्याला त्यांचा स्वतःचा क्रम असतो आणि तो पाठ्यपुस्तकाच्या क्रमाशी जुळत नाही. इंग्रजीत चालू काळाचं 'इंग' लवकर मुरतं, पण 'ही गोज' मधला 'एस' फार उशिरा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तो 'एस' शाळेत अगदी सुरुवातीला शिकवतात, परीक्षेत तो बरोबरही येतो, आणि तीच मुलं मोठेपणी बोलताना 'ही गो' म्हणतात. त्यांना नियम ठाऊक आहे. त्यामुळं नियम पुन्हा सांगून तिथं काहीच बदलत नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

लई चांगला धागा. पण मग व्याकरण सोडूनच द्यायचं का? नुसतं ऐकत बसलं की भाषा येते असं म्हणायचं असलं तर मला ते पटत नाही. कोल्हापुरात वीस-वीस वर्षं राहिलेली माणसं आहेत, रोज मराठी ऐकतात, समजतंय सगळं, पण "मी भाकरी खाल्लो" काही सुटत नाही त्यांचं.

अनुस्वार

@राजारामपुरी, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि क्रॅशन यांच्यावर मुख्य टीका याच जागेवरून झाली. कॅनडात १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजीभाषक मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. त्या पद्धतीतल्या मुलांचं आकलन मातृभाषकांच्या जवळ गेलं, पण वर्षानुवर्षं ऐकूनही बोलण्यात लिंग आणि क्रियापदांच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून असं मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, बोलायला आणि लिहायला भाग पडावं लागतं. ऐकताना अर्थ शब्दांवरून लागतो, शेवटचा प्रत्यय कानाआड गेला तरी चालतं. बोलताना मात्र तो प्रत्यय निवडावाच लागतो. पुढं १९९० मध्ये रिचर्ड श्मिट यांनी त्यात भर घातली : जे रूप लक्षात आलेलंच नाही ते मुरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. नियमाचं काम बोलतं करणं हे नाही, कान उघडणं हे आहे. 'खाल्ला, खाल्ली, खाल्लं' असे तीन शेवट असतात हे एकदा सांगितलं की माणूस पुढच्या शंभर वाक्यांत ते ऐकू लागतो. सांगितलं नाही, तर वीस वर्षं ते त्याच्या कानावरून जातात. नियम सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर ते रूप ऐकायला आणि वापरायला काही तास द्यावे लागतात. आपले वर्ग याच्या बरोबर उलट वागतात.

ताराबाई_रोड

सुरुवातीच्या ऐकण्याबद्दल नेमकं लिहिते, कारण "भरपूर ऐका" या सल्ल्यानं नुकसानच जास्त होतं. न समजणारं दहा तास ऐकलं तरी हाती काही लागत नाही. वाचनाबद्दलच्या अभ्यासात आधाराशिवाय नीट समजण्यासाठी जवळजवळ ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं दिसलंय, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. मदतनीस समोर असेल तर वीसात एकपर्यंत निभावतं. नवशिक्यानं पहिल्याच महिन्यात धारवाड आकाशवाणीच्या बातम्या लावून बसणं म्हणूनच वाया जातं. शिवाय बातम्यांची कन्नड लेखी वळणाची असते, निपाणीच्या दुकानात ती कुणी बोलत नाही.

पहिले साधारण ४० तास असे द्यावेत. कन्नड बोलणारं एक माणूस, शक्यतो बेळगाव-धारवाडकडचं. ओट्यावरच्या किंवा दुकानातल्या आठ-दहा वस्तू समोर : अक्कि (तांदूळ), बेळे (डाळ), उप्पु (मीठ), बेल्ल (गूळ), नीरु (पाणी), हालु (दूध). सोबत चार-पाच आज्ञा : कोड्री (द्या), तगोरी (घ्या), इड्री (ठेवा), नोड्री (बघा), बर्री (या). मदतनिसानं म्हणायचं "बेल्ल कोड्री", शिकणाऱ्यानं गूळ उचलून द्यायचा. शिकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, फक्त करायचं. २० मिनिटांच्या बैठकीत प्रत्येक शब्द किमान दहा-बारा वेळा आला पाहिजे, उलटसुलट क्रमानं. मग जोडवाक्यं : गूळ घेऊन पाण्याजवळ ठेवा, दूध नको तांदूळ द्या. दुसऱ्या दिवशी जुने सगळे आणि नवे पाच-सहाच.

बिघडतं कुठं? सर्वांत जास्त वेळा मदतनीस पाघळतो आणि मराठीत अर्थ सांगून टाकतो. मग शिकणाऱ्याचा कान कन्नड सोडून मराठीची वाट बघायला लागतो. दुसरं म्हणजे ठरलेला क्रम. तांदळानंतर डाळच येणार हे कळलं की ऐकायची गरजच उरत नाही. तिसरं, मदतनिसाची नजर. तो बोलताना गुळाकडं बघत असेल तर शिकणारा डोळ्यानं उत्तर देतो, कानानं नाही. त्यानं छताकडं बघून बोलावं. आणि चौथं, शिकवतोय म्हणून मुद्दाम पुस्तकी बोलणं. बेंगळुरूकडचं 'बन्नि, कोडि' चूक नाही, पण ज्याला निपाणीत व्यवहार करायचाय त्याच्या कानाला आधी 'बर्री, कोड्री' लागली पाहिजेत.

वस्तूंचं झालं की दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्यावं. मदतनिसानं साध्या गोष्टीवर बोलावं, उदाहरणार्थ आमटी कशी करायची. एकच मुद्रण चार दिवस : पहिल्या दिवशी नुसतं ऐकणं, दुसऱ्या दिवशी त्यावर होय-नाही आणि कोण-काय-कुठं असे प्रश्न, तिसऱ्या दिवशी देवनागरीत उतरवलेला मजकूर समोर ठेवून, चौथ्या दिवशी पुन्हा मजकुराशिवाय. चौथ्या दिवशी अडत असेल तर मुद्रण अवघड आहे. बदलावं, रेटू नये.

लक्ष्मीपुरी४१६

वरच्या यादीत 'बेळे' आलंय म्हणून उच्चाराचं सांगतो. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठी कानाला तो फरक जाणवत नाही, कारण आपल्याकडं त्यानं अर्थ बदलत नाही. पहिला ए दीर्घ असेल तर बेळे म्हणजे डाळ, ऱ्हस्व असेल तर पीक. कोडुमधला ओ ऱ्हस्व असेल तर 'दे', दीर्घ असेल तर शिंग. तसंच हालु दूध, हल्लु दात, हुल्लु गवत.

हे आपोआप मुरेल अशी आशा धरू नये. वेर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजीभाषक घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त आणि ट चा फरक ओळखतात आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता मावळते. मोठ्या माणसाला असा फरक पुन्हा ऐकू येऊ शकतो, पण त्यासाठी ठरवून सराव लागतो. रोज पाच मिनिटं : मदतनिसानं जोडीतला एक शब्द म्हणायचा, आपण चित्रावर बोट ठेवायचं, लगेच बरोबर-चूक सांगायचं. वीस शब्द झाले की बंद. वीसातले अठरा बरोबर यायला लागल्यावर मदतनिसाचा आवाज बदलावा, म्हणजे दुसऱ्या माणसाकडून म्हणून घ्यावं. एकाच आवाजावर बसलेला कान दुसऱ्या आवाजाला फसतो.

पंचगंगा_घाट

कोल्हापूरकरांना एक मोठा फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही. आपल्या बोलीचं आणि उत्तर कर्नाटकातल्या कन्नडचं वाक्य आतून बरंचसं एकाच साच्याचं आहे. आपण 'काय करालायस' म्हणतो, म्हणजे 'करायला लागलायस'. तिकडं 'एन् माडाकत्ती' म्हणतात. त्यातलं 'हत्तु' म्हणजे लागणे, सुरू होणे. पुण्याच्या 'करतोयस' मधून तिथं पोचायला वळसा पडतो, कोल्हापुरी वाक्य तसंच्या तसं उतरतं. 'मला कन्नड येत नाही' हे 'ननग कन्नड बरंगिल्ल', आणि 'बरु' म्हणजे येणेच. आपण 'येतो म्हणून सांगितला' म्हणतो, त्यांचं 'बर्तीनि अंत हेळिद'. 'म्हणून' च्या जागी 'अंत', बाकी क्रम तोच.

हे योगायोगानं झालेलं नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा प्रसिद्ध अभ्यास आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा आहे, तिथं त्याचं नाव कुपवार असं छापलंय. मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या एकत्र नांदल्यामुळं तिथल्या तिन्ही बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. शब्द वेगळे राहिले, साचा एक झाला. यासाठी कुणी वर्ग चालवले नव्हते.

म्हणून कोल्हापूरकरानं पहिल्या महिन्यात क्रियापदांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा अशी वीस-पंचवीस वाक्यं अख्खी घ्यावीत आणि त्यांतला एकच शब्द बदलत जावं. जिथं साचा जुळत नाही तेवढ्याच जागा नियम म्हणून समजून घ्याव्यात. माझ्या मते त्या चार आहेत. पहिली, कन्नडमध्ये वस्तूंना लिंग नाही. माणसांत पुल्लिंग-स्त्रीलिंग, बाकी सगळं नपुंसक. मराठी माणसाला हे सोपं जातं. दुसरी, भूतकाळ कर्त्याप्रमाणं चालतो : 'नानु रोट्टि तिंदे' (मी भाकरी खाल्ली), रोट्टिचा क्रियापदाशी संबंध नाही. तिसरी, 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना 'नावु'. चौथी, 'जो... तो' ची वाक्यं बोलण्यात जवळजवळ नसतात. 'काल जो मुलगा आला तो' असं जुळवायला गेलं की माणूस अडकतो. 'काल आलेला मुलगा', 'निन्ने बंद हुडुग', असं मनात धरलं की सुटतो.

शिरोली_फाटा

आता उलट बाजू. वर "मी भाकरी खाल्लो" आलंच आहे. ही चूक हिंदीमुळं होते असं सर्रास सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही. हिंदीत 'मैंने रोटी खायी' मध्ये क्रियापद रोटीप्रमाणंच चालतं. पण आपल्याकडं येणाऱ्या अनेकांची घरची भाषा भोजपुरी, मैथिली किंवा ओडिया असते आणि तिथं ते कर्त्याप्रमाणं चालतं. कन्नडचंही तेच. त्यात मराठीनं आणखी एक खूण पुसलीय : हिंदीत 'मैं' चं 'मैंने' होतं, मराठीत दोन्हीकडं 'मी' च. 'मी आलो' आणि 'मी खाल्ली' यांत कर्त्यावरून काहीच कळत नाही. रूप लपलेलं असल्यामुळं नुसत्या ऐकण्यातून ते पकडलं जात नाही.

यावर चालणारा सराव असा. कामाच्या जागेवरच्या तीन लिंगांच्या तीन वस्तू घ्या : साचा, ट्रॉली, झाकण. आधी दोन मिनिटांत सांगा की साचा उचलला, ट्रॉली उचलली, झाकण उचललं. मग सांगणाऱ्यानं वस्तूचं नाव गाळून फक्त "मी उचलली" म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं त्या वस्तूकडं बोट दाखवायचं. आता शेवटचा स्वर ऐकल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. नेहमीच्या बोलण्यात वस्तूचं नाव आधीच कानावर पडलेलं असतं, म्हणून मेंदू तो स्वर सोडून देतो. इथं तीच पळवाट बंद होते. अशी तीस वाक्यं, दहा मिनिटं. क्रियापद एकच ठेवा, दुसऱ्या बैठकीत ढकलणे, तिसऱ्या बैठकीत काढणे. तीन-चार बैठका फक्त ऐकणं, नंतर शिकणाऱ्यानं कृती करून लगेच सांगायचं : "झाकण काढलं. ट्रॉली ढकलली." वस्तू सहा झाल्या की पुरे. घाईनं पंधरा केल्या तर पाठांतर होतं आणि कान पुन्हा बंद.

च आणि ज बद्दल. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च वेगळे, लिपीत फरक नाही. तो पहिल्या तीन महिन्यांत शिकवू नये. चुकला तरी अर्थ कळतो. ळ मात्र लवकर घ्यावा.

सर्वांत मोठं नुकसान आपण मराठी माणसंच करतो. समोरचा अडखळला की आपण लगेच हिंदीवर जातो. दिवसभर मराठी बोलणं कामाच्या गडबडीत शक्य नसतं, म्हणून ठराविक वेळ धरावी : चहाची सुट्टी आणि पाळी बदलतानाची दहा मिनिटं, तेवढ्यात फक्त मराठी, हळू आणि छोट्या वाक्यांत. एक अपवाद कडक पाळावा. भट्टी, क्रेन, वीज यांच्या सुरक्षेच्या सूचना ज्याला जी भाषा पक्की येते तिच्यातच द्याव्यात. तिथं भाषेचा सराव नको.

दुधाळी_मैदान

एक शंका. कोल्हापुरात बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. बाहेरून आलेली बाई तेच ऐकणार. तिला 'येते, जाते' शिकवायचं का?

शिरोली_फाटा

ऐकताना दोन्ही, बोलताना ती जिथं राहते तिथलं. तिच्या गल्लीतली बाई 'येतो' म्हणत असेल तर तिनंही 'येतो' म्हणणं हे भाषा मुरल्याचंच लक्षण आहे, ते सुधारत बसू नये. अर्ज लिहायची किंवा मुलाखतीची वेळ येईल तेव्हा 'येते, जाते' लेखी रूप म्हणून वेगळं दाखवावं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सुधारण्याचं निघालंच आहे तर, चूक कधी आणि कशी दाखवायची?

अनुस्वार

बहुतेक जण चुकीचं वाक्य बरोबर करून सहज परत म्हणतात. "मी भाकरी खाल्लो." "हो, तू भाकरी खाल्लीस, बरं." हे सौजन्याचं आहे, पण शिकणाऱ्याला बहुधा वाटतं की आपल्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरच्या १९९७ च्या अभ्यासात शिक्षक हीच पद्धत सर्वांत जास्त वापरताना दिसले आणि मुलांनी स्वतः दुरुस्त करण्याचं प्रमाण याच पद्धतीत सर्वांत कमी होतं. त्यापेक्षा चुकीच्या जागेपर्यंत वाक्य म्हणून थांबावं : "मी भाकरी खा..." आणि वाट बघावी. रूप त्याच्याच तोंडून निघू द्यावं.

पण मर्यादा पाळाव्यात. एका बैठकीत एकाच प्रकारची चूक धरावी. माणूस काही महत्त्वाचं सांगत असताना मध्ये तोडू नये. दोन-तीन चुका मनात ठेवून बोलणं संपल्यावर घ्याव्यात. आणि जे रूप अजून ऐकूनही ओळखता येत नाही ते बोलताना सुधारण्यात अर्थ नाही, आधी शिरोली_फाटा यांचा बोट दाखवायचा सराव.

दुधाळी_मैदान

आणि वयाचं? लहान मुलं पटकन उचलतात, मोठ्यांना जमत नाही, असं सगळेच म्हणतात.

अनुस्वार

अर्धंच खरं आहे. नेदरलँड्समध्ये आलेल्या इंग्रजीभाषकांवरच्या १९७८ च्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं लहान मुलांपेक्षा वेगानं पुढं गेली. शेवटी, विशेषतः उच्चारात, लहानपणी सुरुवात केलेले सरस ठरतात. पण तासांचा हिशेबही बघायला हवा. आठवड्याला तीन तासांचा वर्ग वर्षभर चालला तरी १५० तास होतात. गल्लीत खेळणारं मूल रोज चार तास ती भाषा ऐकत असेल तर वर्षाला १,४६० तास. शिवाय मुलाशी लोक त्याला समजेल असंच बोलतात, समोरच्या वस्तूंबद्दल, पुन्हा पुन्हा. मोठ्या माणसाला ही सोय कुणी करून देत नाही, त्यानं ती मागून घ्यावी लागते.

निपाणीनाका

सगळ्यांचे आभार. १८० तासांची वाटणी वरच्या चर्चेवरून अशी बसतेय, चुकत असेल तर सांगा. न्यूझीलंडचे पॉल नेशन चार भाग समान ठेवायला सांगतात : समजून ऐकणं-वाचणं, अर्थासाठी बोलणं-लिहिणं, रूपांकडं लक्ष, आणि आलेल्या गोष्टींचा वेग. पहिल्याच दिवसापासून समान भाग केले तर बोलायला काही नसतंच. म्हणून पहिले दोन महिने तासातली ४० मिनिटं ऐकणं, १० मिनिटं उच्चारांच्या जोड्या, १० मिनिटं शब्दांची उजळणी. पुढचे दोन महिने २५ मिनिटं ऐकणं, १५ बोलणं, १० रूपं, १० वेग. शेवटचे दोन महिने चारही भाग १५-१५ मिनिटं.

ताराबाई_रोड

वाटणी ठीक आहे. उजळणीची १० मिनिटं मात्र सलग नकोत, सकाळी पाच आणि रात्री पाच. आणि नवा शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं असा परत आला पाहिजे. एकाच दिवशी वीस वेळा घोकलेला शब्द आठवड्यात जातो.

वेगासाठी चार-तीन-दोन. ओळखीच्या विषयावर, नवा एकही शब्द न घेता, चार मिनिटं बोलायचं. तेच दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा बदलला नाही तर बोलणारा मुद्दे गाळून वेळ वाचवतो आणि सराव फुकट जातो. एखादं रूप मुरलंय की नुसतं पाठ आहे तेही इथं कळतं. चार मिनिटांत बरोबर आणि दोन मिनिटांत चुकतंय, तर ते अजून पहिल्याच साठ्यात आहे. त्या रूपाचं ऐकणं वाढवा.

लक्ष्मीपुरी४१६

लिपीचं राहिलं. पहिल्या ४० तासांत नको हे माझंही मत, कारण अक्षर जुळवत वाचणाऱ्याचा कान थांबतो. नंतर मात्र लवकर घ्यावी. वर्णक्रम आपलाच आहे, बाराखडीची कल्पनाही आपलीच, रोज पंधरा मिनिटं दिली तर तीन आठवड्यांत वाचता येते. क्रमानं अ-आ-इ करू नये. कानाला आधीच येत असलेले शब्द घ्यावेत : उप्पु, हालु, अक्कि, बेल्ल. गोंधळ होतो तो व, प, ष या तिघांत आणि द, ध, थ या तिघांत, कारण आकार जवळजवळ सारखे असून एखाद्या रेघेचा किंवा टिंबाचा फरक असतो. ती अक्षरं एकाच दिवशी शिकवू नयेत, मध्ये चार दिवस जाऊ द्यावेत. सरावाला सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) लागणाऱ्या कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या चांगल्या : गावांची नावं माहीत असतात, त्यामुळं आपण बरोबर वाचलं की नाही ते लगेच कळतं.

आणि ऱ्हस्व-दीर्घ ए, ओ ला कन्नड लिपीत वेगवेगळी चिन्हं आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत ती नाहीत. म्हणून लिपी आली की वहीतले 'बेळे' आणि 'कोडु' सारखे शब्द देवनागरीतून खोडून कन्नडमध्ये लिहावेत.